कॅम्पसवर दुसऱ्या धर्मांच्या प्रार्थनेला नुसतं जाऊन बसलं तर चालतं का?

अर्धवट_जिज्ञासू:
सेकंड इयरला आहे, विषय फिजिक्स, म्हणजे तसा याच्याशी काडीचा संबंध नाही. घरी देवाधर्माचं सगळं साग्रसंगीत असायचं पण कशासाठी ते कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही, हात जोडले की सुटलो. होस्टेलवर आल्यापासून ते हात जोडणंही बंद झालं आणि गंमत म्हणजे बंद झाल्यावरच डोक्यात हा भुंगा लागलाय. माझा रूममेट पाच वेळा नमाज पढतो. पहाटे उठतो तेव्हा मोबाईलचा टॉर्च बोटांनी झाकून वावरतो, मला जाग येऊ नये म्हणून, बोटांतून लालसर उजेड भिंतीवर फिरत असतो. मी बऱ्याचदा जागाच असतो, त्याला हे सांगितलेलं नाही.

तर आमच्या युनिव्हर्सिटीत सगळ्या धर्मांसाठी मिळून एक खोली आहे. दारावर वेळापत्रक चिकटवलंय, शुक्रवारी दुपारी नमाज, त्याच संध्याकाळी ज्यू मुलांचा शब्बाथ म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, रविवारी कॅथलिक मास म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, मंगळवारी बौद्ध ध्यान, बुधवारी क्वेकर म्हणून कुणीतरी. मी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. श्रद्धा नसताना आत जाऊन बसणं हे ढोंग नाही का? कुणाला राग आला तर? आणि सगळीकडे थोडं थोडं चाखत फिरलो तर एक ना धड भाराभर चिंध्या असं व्हायचं, नाही का?

मागच्या_बाकावरचा:
जा रे बिनधास्त. मी आख्खं एक वर्ष असा फिरलोय, कुणी हाकललं नाही. फक्त आधी तिथल्या कुणाला तरी मेसेज टाक की मी यातला नाही, बघायला आलो तर चालेल का. निम्मी धाकधूक तिथेच संपते.

बाकी तुला कुणी सांगणार नाही ते सांगतो. शुक्रवारच्या नमाजला वेळेआधी जा, कारण आधी खुतबा म्हणजे प्रवचन असतं आणि नमाज त्याच्यानंतर, दोनच रकात म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतची दोनच आवर्तनं, उशिरा गेलास तर ऐकण्यासारखं सगळं संपलेलं असेल. शब्बाथला वही-पेन काढू नकोस आणि मोबाईलही नको, शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू झाला की काटेकोर पाळणाऱ्यांना लिहिणं वर्ज्य असतं आणि तुझं ते टकटक करत नोट्स घेणं फार डोळ्यांवर येईल. शीख मुलांचं कीर्तन असलं तर डोकं झाकायचं आणि गुरु ग्रंथ साहिबच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत.

माझा पोपट झाला तो मासला. शेवटाकडे सगळे उठून रांगेत लागले, मलाही वाटलं आपण उठायचं असतं, गेलो. पुढे गेल्यावर कळलं की पाद्री प्रत्येकाला ती पातळ गोल भाकरी देतोय आणि ती त्यांच्यासाठी प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, कॅथलिक नसलेल्याने घ्यायची नसते. माझ्या पुढे दोन माणसं उरलेली! मागची बाई कानात म्हणाली, हात छातीवर फुलीसारखे ठेव. ठेवले, पाद्रीने आशीर्वाद दिला, मी घामाघूम होऊन जागेवर. नंतर कळलं की बसून राहिलो असतो तरी कुणी काही म्हटलं नसतं. ढोंगाचं म्हणशील तर मी माझ्यापुरता एक नियम केला होता, जे मनापासून म्हणता येत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, बाकी गप्प बसून ऐकायचं.

फजर_नंतर_झोप:
ज्यांच्याकडे बघायला येतात त्यांच्यातला मी, म्हणून लिहितोय. या, खरंच या, आम्हाला आवडतं. पण मागे एकदा कुठल्याशा असाइनमेंटसाठी वीसेक जण एकाच शुक्रवारी वह्या घेऊन आले आणि एकाने मी सजद्यात असताना समोरून फोटो काढला. कपाळ जमिनीला टेकलेलं, आणि वर क्लिक. त्या दिवशी मी काय पढलो मला आठवत नाही. एकटं यावं, मागे बसावं, झाल्यावर थांबून दोन शब्द बोलावं, एवढंच.

आणि भावा, वेळापत्रक कसलं वाचतोस, तुझ्या खोलीत आख्खा माणूस आहे की! त्याला विचार. धर्म म्हणजे काय असलं मोठं नको, साधं विचार, रमजान परीक्षेत आला की काय करतोस. चांद्र वर्ष छोटं असल्याने रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे कधीतरी परीक्षेत यायचाच. त्यावर तो अर्धा तास बोलेल बघ. आणि तू जागा असतोस हे सांगून टाक त्याला, बिचारा अंधारात ठेचकाळत असेल.

प्रूफ_दाखवा:
मी नास्तिक आहे आणि तरीही त्या खोलीत जाते, शांत असते म्हणून. श्रद्धा नसलेल्यांनाही या गोष्टींत जागा असते हे लोकांना माहीत नसतं. हार्वर्डमध्ये २०२१ साली तिथल्या सगळ्या धर्मांच्या चॅप्लेन लोकांनी, म्हणजे कॅम्पसवरच्या धर्मगुरूंनी, मिळून अध्यक्ष निवडला तो ग्रेग एपस्टाइन, ह्युमनिस्ट, देव न मानणारा. एमआयटीचं चॅपल म्हणजे प्रार्थनागृह बघ, १९५५ चं, एरो सारिनेन या आर्किटेक्टचं, कुठल्याच एका धर्माचं नाही. विटांचा गोल डबा, भिंतीत नेहमीसारख्या खिडक्या नाहीत, वरून एक झोत येतो आणि बाहेरच्या पाण्यावरून परावर्तित होऊन खालून थोडा उजेड. फिजिक्सवाला आहेस, तुला आवडेल.

एक मात्र कान उघडे ठेवून ऐक. कॅम्पसवर काही ग्रुप असे असतात की पहिल्याच भेटीत तू त्यांचा जिवलग. रोज फोन, रोज मेसेज, तुझ्यासारखा खोल विचार करणारा आम्ही पाहिलाच नाही वगैरे. संस्थेचं नाव विचारलं की गोलगोल उत्तर. मग हळूहळू जुने मित्र तुला समजत नाहीत असं सुरू. माझी एक मैत्रीण अशात सहा महिने अडकली होती, नव्या गावात एकटी पडलेली, त्यांनी बरोबर हेरलं. जिथून उठून जायला अवघड वाटतं तिथून त्याच दिवशी उठायचं.

एकच_विहीर:
सगळे जा जा म्हणतायत म्हणून मी उलटं लिहितो. चिंध्यांची तुझी भीती बरोबर आहे. मी पीएचडीला असताना तीन वर्षं सगळं थोडं थोडं केलं आणि हातात राहिली ती फक्त पार्टीत सांगायची माहिती. मग विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला बसलो. तिथे आधीच सांगतात की या दहा दिवसांत बाकीचे जप, पूजा, विधी सगळं बाजूला ठेवा, ते वाईट म्हणून नाही, पण मिसळलंत तर कशाने काय झालं हे कळणार नाही. पहाटे ४ ला घंटा, मौन. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघ्यातली एक कळ मी तासभर नुसती बघत बसलो आणि ती जागा बदलत गेली, जे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. एक धर, सहा महिने धर.

मागच्या_बाकावरचा:
@एकच_विहीर मान्य, पण विहीर खणायच्या आधी पाणी कुठे लागेल ते बघायला रानात फिरावं लागतंच ना :) आणि जिज्ञासू, एक राहिलं, त्या खोलीत उदबत्ती लावायची झाली तर आधी विचार. आमच्याकडे एकाने ध्यानाला लावली, स्मोक अलार्म वाजला, आख्खी बिल्डिंग थंडीत बाहेर, आणि वरच्या मजल्यावर कुणाची तरी व्हायवा चालू होती.

अर्धवट_जिज्ञासू:
अपडेट. बुधवारी गेलो, क्वेकरांकडे, कारण तिथे काही म्हणायचंच नसतं म्हटल्यावर चुकायचं काय. १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला ख्रिस्ती पंथ आहे. आमच्याकडच्या सभेत पाद्री नाही, प्रवचन नाही, गोलात खुर्च्या, आणि सगळे गप्प. आतून वाटलं तर कुणीही उठून बोलायचं. पहिली वीस मिनिटं मी छताच्या टाइल्स मोजल्या (१४४), नंतर माझं पोट इतकं मोठ्याने गुरगुरलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं, कुणी वळूनही पाहिलं नाही. शेवटाकडे एक म्हातारे प्रोफेसर उठले आणि म्हणाले, आज मी कुणावर तरी विनाकारण ओरडलो. बसले. एवढंच. मला ते अजून आठवतंय. पुढच्या बुधवारी परत जाणार आहे, सहा महिन्यांचं नंतर बघू.

शब्बाथ आणि मास अजून बाकी, हात फुलीसारखे ठेवायची प्रॅक्टिस करून जाईन.

आणि रूममेटला सांगितलं की मी पहाटे जागा असतो. तो दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मग उद्यापासून लाईट लावू?