अनुभव धागा: घरचा विरोध पत्करून हॉटेलच्या किचनमध्ये गेलेल्या मुलींसाठी

धागाकर्ती

पुतणीने बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायला साफ नकार दिलाय. हॉटेल मॅनेजमेंट, त्यातही किचनच. सध्या आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. दादा म्हणतो, आचारी व्हायचं होतं तर सायन्स कशाला घेतलं? आई म्हणते, पोळ्या लाट म्हटलं की हिला अभ्यास आठवायचा, आता म्हणे शेफ! मी तिच्या बाजूने आहे, पण भांडायला माहिती नको का? पुण्यातून या वाटेने गेलेल्या, किंवा जाऊन परत फिरलेल्या मुलींनी लिहा. टीव्हीवरचे शेफ किती कमावतात ते घरात सांगून झालंय, उपयोग शून्य.

शनिपार

आमचं घर सदाशिव पेठेतलं. चतुर्मासात कांदा-लसूण बंद. मी शाळेपासून भांडखोर. 'असंच करतात' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. दादरच्या आयएचएमला (हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था) तीन वर्षं काढली. (पुण्यात राहायचं असेल तर विद्यापीठाचा बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचा पदवी कोर्स आहे, तो चार वर्षांचा.) बाबांचा मुख्य आक्षेप फीला नव्हता, 'तिथे मटण कापायला लावतात' याला होता. लावतातच. कच्च्या मांसाला कापायचा लाल बोर्ड, भाजीला हिरवा, माशाला निळा, आणि त्यात घोळ केला तर आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा जास्त बोलणी बसतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा आजी एकटीच हसली.

सगळ्यांना वाटलं होतं, ही चार दिवसांत कुणाशी तरी भांडून परत येणार. ट्रेनिंगमध्ये गाजराचे ब्रुन्वाज करायला दिले, म्हणजे साधारण 3 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. शेफने ट्रे बघितला आणि कचऱ्यात ओतला. मी 'का?' विचारलं. घरी या प्रश्नाला उत्तर नसायचं. इथे तो म्हणाला, लहान तुकडा लगदा होतो तेव्हा मोठा कच्चाच असतो, दोन्ही एकाच चमच्यात येतात. झालं, विषय संपला. हॉलंडेज (बलक आणि लोण्याचा सॉस) फाटतो तो अंड्याचा बलक जास्त तापला म्हणून, किंवा लोणी घाईने ओतलं म्हणून. 'तुझा हात बरा नाही' म्हणून नाही. कारण सांगणाऱ्या माणसाचं मी निमूट ऐकते हे मला तिथे कळलं. नंतर कारण न सांगता नुसते ओरडणारे शेफही भेटले, त्यांच्याशी भांडले. एक नोकरी त्यातच गेली, आणि तिचं मला आजही वाईट वाटत नाही.

वेळा मात्र वाईट. ब्रेक शिफ्ट म्हणजे 11 ते 3, मग 7 पासून शेवटची ऑर्डर निघून भट्टी पुसून होईपर्यंत. मधले चार तास ना घरचे ना दारचे. दादांना रात्रीची काळजी असेल तर सांगा: 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरी सोडायची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीतच गाडीचं विचारायचं. जिथे उत्तर देताना चाचरतात तिथे जाऊ नये.

तंदूरवाली

शनिपार यांना नशिबाने उत्तर देणारे भेटले. मला इंडियन सेक्शन मिळाला. तिथे उस्ताद मसाला मुठीने घालायचे आणि मी वही काढली की पाठ करून उभे राहायचे. तंदूर मागितला तर 'हात भाजतील, लग्न व्हायचंय' म्हणून पेस्ट्रीत पाठवलं. बघा कुठल्याही हॉटेलात, मुली बेकरीत सापडतील. पेस्ट्री वाईट नाही, पण ती मी मागितली नव्हती. शेवटी कॅम्पातल्या एका छोट्या जागी माणूस कमी होता म्हणून तंदूर मिळाला. नान कापडी गादीवर घेऊन तंदूरच्या आतल्या भिंतीला थापताना आधी हाताचे केस जातात. लग्न झालं, केस आले नाहीत.

अळूचं फदफदं

मी कुठल्याच कॉलेजात गेले नाही. बीकॉम अर्धवट सोडून एका आचारी काकांच्या हाताखाली मंगल कार्यालयांत राबायला लागले. घरात महिनाभर अबोला होता. काकांकडे मुली भाजी निवडायला आणि वाढायला असायच्या, चुलाणापाशी नाही. मी भाताच्या पातेल्यापाशी उभी राहायला लागले, त्यांनी हाकललं नाही, इतकंच. मसालेभात 100 पानांना साधारण 7-8 किलो तांदूळ, कारण वरणभातही असतो. खरी गोम पुढे आहे: मोठं पातेलं आच बंद केल्यावरही आतल्या आत शिजत राहतं. म्हणून शितात किंचित कणी असतानाच उतरवायचं आणि झाकून ठेवायचं. घरच्या कुकरवर शिकलेली बाई इथे हमखास फसते. आता माझ्या स्वतःच्या ऑर्डरी असतात. कार्डावर 'शेफ' छापा असं भाचा म्हणतो. मी 'आचारी' छापलंय, आणि यजमान पहिल्या फोनवर हमखास विचारतात, 'साहेब आहेत का?'

परत फिरले

कोरेगाव पार्कात कॉमी, म्हणजे किचनमधली कनिष्ठ शेफ, होते. कुणी छळलं नाही, शिकायलाही मिळालं. पाय गेले. सतत उभं राहून शिरा फुगल्या आणि पगार इतका नव्हता की त्यासाठी पाय द्यावेत. आता एका मसाला कंपनीत नव्या पदार्थांच्या चाचण्या करते, रविवारी सुट्टी असते. घरच्यांनी 'सांगितलं होतं ना' म्हटलं, म्हणू दे. किचनमधली ती वर्षं नसती तर ही नोकरी मिळाली नसती.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पुतणीने सगळं वाचलं. तिचा एकच प्रश्न: सुऱ्यांचा सेट आत्ताच घ्यावा का? तिने ऑनलाइन एक महागडा बघून ठेवलाय.

शनिपार

अजिबात नको. एक आठ इंची शेफ नाइफ, एक सोलायची छोटी सुरी आणि धार लावायला दगड. उरलेल्या पैशांचे बूट घे. न घसरणारे, पुढून बंद, अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. आणि सुट्टीत अळूताईंकडे चार लग्नं कर, त्या घेत असतील तर.

अळूचं फदफदं

घेते. डिसेंबरात मुहूर्त आहेत. केस बांधून यायचं, नखं कापून. दादांनाही आणा, पंगतीत वाढायला माणसं कमीच असतात.