सगळे फोटो १ जानेवारी १९७० चे, आणि त्यातल्या एका फोटोतली मी मलाच आठवत नाही

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे आणि नेमका कुठल्या विषयात टाकायचा तेही कळत नाहीये, पण दोन महिने डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

दिवाळीत अंगण धुताना माझा फोन बादलीत पडला. फोन तर गेलाच, पण आतलं मेमरी कार्ड एका रिपेअरिंगवाल्याकडे दिलं तर त्याने जवळपास तीन हजार फोटो पेनड्राइव्हवर काढून दिले, म्हटलं वाचलो बाबा. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोवर एकच तारीख, १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०. माझा जन्मच १९८३ चा! मुलीचं बारसं, २०१५ च्या सिंहस्थातली घाटावरची गर्दी, बाबांचा शेवटचा वाढदिवस, परवा परवा काढलेला गॅस सिलेंडरच्या पावतीचा फोटो, सगळं एकाच पहाटे झाल्यासारखं, आणि क्रम असा की बाबा गेल्यानंतरचा दहावा आधी आणि बाबा हसतायत तो फोटो नंतर.

मग आम्ही रात्री जेवणं आटोपली की सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसायचो आणि फोटो लावायचो. मुलगी म्हणायची हा माझे पुढचे दात पडायच्या आधीचा. सासूबाई साडीवरून सांगायच्या, ही साडी मला धाकट्या नणंदेकडच्या मुंजीत आली, म्हणजे त्यानंतरचा. पुराच्या फोटोंवर तर अर्धा तास वाद झाला, २०१६ चा की २०१९ चा, सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघत बसले आणि शेवटी मिटलं कशावरून तर एका फोटोत मुलगी माझ्या कडेवर आहे, म्हणजे २०१६, कारण २०१९ ला ती सहा वर्षांची होती, तेव्हा मी तिला उचलत नव्हते. तारखा एकालाही पाठ नव्हत्या पण आधी काय नंतर काय हे सगळ्यांना मिळून बरोबर सांगता येत होतं, याचं मला फार नवल वाटलं.

आणि मग एक फोटो आला. सोमेश्वरचा धबधबा, पाणी भरपूर, खडकावर मी उभी, पिवळा ड्रेस, ओढणी पिळतेय आणि तोंड उघडून हसतेय, इतकी की डोळे मिटलेत. मला हा दिवस आठवत नाही. म्हणजे अंधुक वगैरे सुद्धा नाही, काहीच नाही. कुणाबरोबर गेले होते, फोटो कुणी काढला, कशाला हसले, कोरं. घरातल्या कुणालाही माहीत नाही. चष्मा काळ्या काड्यांचा आहे म्हणजे बाबा गेल्यानंतरचा, २०१७ च्या पुढचा, एवढंच कळलं. आणि त्या वर्षांत मी अशी हसत होते हेच मला पटत नाही.

तर प्रश्न असा की चेहरा माझा आहे म्हणून ती मी, एवढंच पुरेसं आहे का? जे मला आठवतच नाही ते माझ्या आयुष्यात झालं असं कुठल्या अर्थाने म्हणायचं? आणि फोन गेला तेव्हा मी माणूस गेल्यासारखी रडले ते वस्तूसाठी नक्कीच नव्हतं, मग कशासाठी होतं? कुणी यावर वाचलं असेल, विचार केला असेल तर सांगा.

सातपूरचा_कोडर

ताई, आधी तारखेचं सांगतो. कॉम्प्युटरला तारीख कळत नाही, तो फक्त सेकंद मोजतो, आणि बऱ्याच सिस्टिममध्ये मोजायला सुरुवात धरलीये १ जानेवारी १९७० ला, ग्रिनिचच्या मध्यरात्री. आपली वेळ साडेपाच तास पुढे म्हणून आपल्याकडे शून्य म्हणजे पहाटे ५:३०. कार्डावरून फोटो खणून काढताना तारखेची नोंद सापडली नाही की तिथे शून्य बसतं. म्हणजे ती तारीख चुकीची आहे असं नाही, ती तारीखच नाहीये, मशीन सांगतंय की मला माहीत नाही. (जुन्या ३२ बिटच्या सिस्टिममध्ये हा आकडा १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४ ला संपतो, ते निस्तरायचं काम आमच्यासारख्यांना आजही पुरतंय.)

कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाइलच्या आत वेगळी तारीख असते, ती बघा. व्हॉट्सॲपवरून आलेल्यात ती बहुतेक नसते. आणि मूळ पेनड्राइव्हला हात न लावता कॉपीवर काम करा, हे आधी.

आता मला जे वाटतं ते. आपण घड्याळाला वेळ समजतो पण भारताची वेळ ठरलीये ८२.५ रेखांशावर, मिर्झापूरजवळ, आणि नाशिक आहे ७३.८ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या साधारण पस्तीस मिनिटं मागे. मुंबईची तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ चालायची. ही सगळी सोय आहे, गाड्या वेळेवर सुटाव्यात म्हणून केलेली. तुम्ही सतरंजीवर बसून जी वेळ लावलीत, दात, साडी, कडेवरची पोर, ती मला घड्याळापेक्षा खरी वाटते. बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०७ मध्ये लिहिलंय की पाण्यात साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, आणि ते थांबणं गणितातल्या वेळेत कुठेच येत नाही, ते आपल्या जगण्यातलं असतं. फोनकडे सेकंद होते, थांबणं तुमच्याकडे होतं, ते बादलीत पडलेलं नाही.

निवृत्त_मास्तर

पोरी, तुझा प्रश्न जुना आहे आणि खरा आहे. तीस वर्षं हा विषय शिकवला म्हणून थोडं लिहितो.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ मध्ये, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, मांडलं की माणूस तोच आहे हे शरीरावरून नाही तर जाणिवेवरून ठरतं, जिथवर मागचं कृत्य 'मी केलं' म्हणून आठवतं तिथवर तो तोच. या हिशेबाने सोमेश्वरची बाई तू नव्हेस. पण थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये यावर जे उत्तर दिलं ते मी दर वर्षी वर्गात सांगायचो आणि पोरं सरळ होऊन बसायची. एका मुलाने बागेत चोरी केली म्हणून मार खाल्ला. मोठा होऊन तो शूर अधिकारी झाला, शत्रूचं निशाण हिसकावलं, तेव्हा त्याला लहानपणचा मार आठवत होता. म्हातारपणी सेनापती झाला, तेव्हा निशाण आठवतं पण मार पार विसरला. लॉकचं मानलं तर सेनापती आणि अधिकारी एक, अधिकारी आणि मुलगा एक, पण सेनापती आणि मुलगा मात्र दोन वेगळी माणसं. हे कसं जमायचं? म्हणून पुढच्या लोकांनी म्हटलं की थेट आठवण नको, साखळी पुरे. त्या धबधब्यावरच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी तुला तो आठवत असणार, त्या दुसऱ्या दिवसाचं काहीतरी तिसऱ्या दिवशी, अशी कडीला कडी लागत तू इथवर आलीस.

आणि आपल्याकडचं का विसरावं? मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, त्याने भिक्खू नागसेनाला हेच विचारलं होतं, जन्मलेला आणि वाढलेला तोच का दुसरा? नागसेन म्हणाला, रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहराची ज्योत तीच का शेवटच्या प्रहराची? नाही. मग रात्रभरात वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही. 'न च सो न च अञ्ञो', तोही नाही आणि दुसराही नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून कधी संध्याकाळी एखाद्या विहारात बस, भिंतीला लागून भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत, आत एक दिवा ठेवला तर भरेल एवढ्या. मला तिथे हे वाक्य नेहमी आठवतं. त्या बाईला 'मी' म्हणायची घाई नको आणि परकी म्हणून हाकलूही नकोस.

पंचवटीची_लेक

सरांचं वाचून छान वाटलं, पण मला जरा वेगळं म्हणायचंय. सगळं बोलणं माझ्या डोक्यात काय आहे यावरच चाललंय.

माझं माहेर रामकुंडाजवळ, घरात उपाध्येपण, आजोबांकडे यजमानांच्या वह्या होत्या. लांब, अरुंद, लाल कापडात बांधलेल्या. कुणी अस्थी घेऊन आलं, श्राद्धाला आलं की आजोबा नाव नंतर विचारायचे, आधी गाव आणि आडनाव. मग वही उलगडायची आणि त्या माणसाला त्याच्या पणजोबांची सही दाखवायचे, मोडीत, शके घालून, सोबत कोण कोण आलं होतं त्यांची नावं. मी लहानपणी कितीतरी पुरुषमाणसं त्या सहीवर बोट ठेवून रडताना पाहिलीत. ज्याला त्यांनी कधी बघितलंही नाही त्याच्यासाठी. आणि निघताना आजोबा त्यांच्याकडून लिहून घ्यायचे, मुलांची नावं सुद्धा, अगदी मांडीवरचं सहा महिन्यांचं असलं तरी. त्या पोराला तो दिवस कधीच आठवणार नाही, पण तो तिथे होता हे लिहिलेलं आहे.

म्हणून मला वाटतं आपण थोडेसे दुसऱ्यांकडे ठेवलेले असतो. तुमचं बारसं तुम्हाला आठवतं का? नाही, पण ते तुमचंच. सोमेश्वरचा फोटो कुणीतरी काढलाय ना, म्हणजे समोर कुणीतरी उभं होतं. तो दिवस त्या माणसाकडे असेल. शोधा.

देवळाली_कॅम्प_२

माझी आई विसरते. चार वर्षं झाली, आता मलाही 'बाई' म्हणते. त्यामुळे हा धागा मी दोनदा वाचला.

क्लार्क आणि चामर्स या दोन तत्त्वज्ञांचा १९९८ चा एक लेख आहे, त्यात ऑटो नावाचा विसरभोळा माणूस सगळं वहीत लिहून ठेवतो आणि म्युझियमचा पत्ता वहीत बघून जातो, ते म्हणतात ती वही म्हणजे त्याच्या मनाचाच भाग. फोन गेल्यावर ताई का रडल्या त्याचं उत्तर यात थोडंफार आहे. पण मी स्वतः वही करून बघितली. आईच्या उशाशी ठेवली, जेवलीस, गोळी घेतलीस, मावशीचा फोन आला होता. ती वाचते आणि म्हणते हे कुणी लिहिलंय? ऑटोचा त्याच्या वहीवर डोळे झाकून विश्वास होता, तो विश्वास गेला की वही नुसता कागद.

उलट एक सांगते. गेल्या महिन्यात तिच्यापुढे परात ठेवली, बाजरीचं पीठ, कोमट पाणी. म्हटलं बघू. तिने पीठ मळलं, तळहाताने रेटून रेटून, गोळा केला, परातीत पीठ भुरभुरलं आणि थापायला लागली, कडेची भेग बोटाने दाबत भाकरी गरगर फिरवत, अगदी माझ्या लहानपणी थापायची तश्शी. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला तोही बरोबर वेळेला. तोंडाने म्हणत होती मला नाही येत हे. आठवण म्हणजेच माणूस असं जे म्हणतात त्यांनी ते हात बघायला हवे होते. तारीख नाही, नाव नाही, लेक ओळखत नाही, आणि तरी माझी आई पूर्णच्या पूर्ण तिथे बसली होती. ताई, तुम्ही आजही ओढणी तशीच पिळता का ते बघा एकदा.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तर काका तुमचे विशेष, आणि देवळालीच्या ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

आतली तारीख नाही मिळाली, व्हॉट्सॲपवरूनच आलेला असणार. पंचवटीच्या ताईंचं ऐकून मी तो फोटो माहेरच्या सगळ्यांना पाठवला. काल रात्री मोठ्या मामेबहिणीचा फोन आला. ती पुण्याहून एका दिवसासाठी आली होती, आम्ही दोघीच गेलो होतो, घरी सांगितलं होतं बँकेत जातोय. बाबांना जाऊन सहा-सात महिने झाले होते आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा बाबांची नक्कल केली म्हणे, ते ओल्या धोतराला कसे वैतागायचे ती, ओढणी पिळत, आणि मग मीच हसायला लागले आणि थांबेना. तिने फोटो काढला आणि फोन आत ठेवला, कारण हसता हसता मी रडायला लागले होते.

आता गंमत बघा, कालपासून मला ते आठवतंय. खडकाचा गारवा, तोंडावर येणारे तुषार, तिची निळी छत्री. पण छत्रीचं तिनेच फोनवर सांगितलं होतं, आणि खडक कुठलाही गार लागतोच. मास्तर, ही आठवण माझी आहे का तिची, आणि जर कळतच नसेल तर मग काय म्हणायचं हिला?

फोटो मात्र लावला. दोन पुरांच्या मधोमध, मुलीचे दात पडायच्या आधी.