साताऱ्यात बसून कोडिंग: तब्येत सुधारते की बिघडते?

यवतेश्वरकर:
2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो, तो इथलाच झालो. वाटलं होतं, गावची हवा, आईच्या हातचं जेवण, आता तब्येत सुधारणार. झालं उलटंच. वजन अकरा किलोनं वाढलंय, मान आखडलेली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. पुण्यात निदान बसस्टॉपपर्यंत तरी चालणं व्हायचं. इथं पलंग ते टेबल सहा पावलं. अजिंक्यतारा रोज खिडकीतून दिसतो, शेवटचा कधी चढलो आठवत नाही.
त्यात घड्याळाचा घोळ. क्लायंट न्यूयॉर्कचा, त्याची मीटिंग तिथल्या सकाळी दहाला, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेआठ. मग जेवण दहाला, झोप दीडला. माझ्या मते हे कामच माणसाला आजारी पाडतं.

तासगावचा_बागायतदार:
पोरगं सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला आहे म्हणून वाचलं. राग मानू नका, पण हा कामाचा दोष नव्हे, आळस आहे. आमच्याकडं मोटारीची लाईट रात्रीची असली की दोनला उठून उसाला पाणी द्यायचं. अंधारात पाय कशावर पडंल नेम नाही. द्राक्षाला औषध मारून आलं की अंगाचा वास दोन आंघोळींनी जात नाही. तुमच्या दारात किल्ला आहे, तिकीट नाही. हिल मॅरेथॉनला बाहेरगावची माणसं येऊन यवतेश्वरचा घाट पळत चढतात, आणि तुम्ही एसीत बसून मान दुखते म्हणताय!

यवतेश्वरकर:
एसी नाही काका, पंखा आहे. आणि दोनला मीपण उठतो. सर्व्हर बंद पडला की फोन वाजतो. तुम्ही निदान बांधावर चालत जाता, मी अंथरुणातच लॅपटॉप उघडतो. मग चारपर्यंत डोळा लागत नाही आणि नऊला पुन्हा लॉगिन.

विश्रामबागची_सून:
ते वाळूचं कारण साधं आहे. स्क्रीनकडं बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. माझा नवरा याच कामात आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. आमच्या फ्लॅटमध्ये वीस फूट लांब काही नाहीच! तो गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडं बघतो. समोरच्या काकूंनी मला विचारलंसुद्धा, यांचं सगळं ठीक आहे ना म्हणून.
बागायतदार काका, आळस म्हणणं सोपं आहे. पाणी पाजून झालं की तुमचं काम संपतं. माझ्या नवऱ्याचा जेवताना ताटाशेजारी मोबाईल उघडाच असतो.

तासगावचा_बागायतदार:
संपतं कुठलं ताई? पाण्याचं झालं की दराची काळजी. पण ते राहू द्या. साडेआठची मीटिंग नको म्हणून सांगायला काय होतं?

यवतेश्वरकर:
सांगितलं होतं एकदा. पुढच्या अप्रेझलला कळलं काय होतं ते. तुमच्या मुलाला विचारा, रात्री किती वाजता झोपतो.

तासगावचा_बागायतदार:
पाण्याच्या पाळीला असताना दोनला फोन केला तर पहिल्या रिंगला उचलतो. मला वाटायचं, अभ्यास करत बसलाय.