वजन नॉर्मल आहे तरी मांड्यांवर खळगे, सेल्युलाइट नक्की होतं कशामुळे?

अबोली_:
मैत्रिणींनो एक विचारायचं होतं, कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा. वय २९, वजन उंचीच्या मानाने बरोबर, जाड मी कधीच नव्हते, तरी हल्ली मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि हिप्सच्या खाली स्किनला खळगे पडल्यासारखे दिसायला लागलेत. बसल्यावर मांडी दाबली गेली की जास्तच, आणि ट्रायल रूममध्ये वरून लाईट पडतो तेव्हा तर विचारूच नका. जिममधली ट्रेनर म्हणाली हे सेल्युलाइट आहे, बॉडीत टॉक्सिन्स साठलेत, डिटॉक्स कर. बहीण म्हणते तू पाणी कमी पितेस. नेटवर बघायला गेलं तर माहिती देता देता प्रत्येक जण शेवटी काहीतरी विकतोच. मला क्रीम कुठलं लावू हे नकोय, आधी समजून घ्यायचंय की हे होतं कशामुळे. चरबी वाढलीच नाहीये तर आलं कुठून? आणि पुढे वाढत जातं का?

पाऊलवाट:
अगं मला कॉलेजात असल्यापासून आहे आणि तेव्हा मी काडीसारखी होते. वयात आलेल्या बायकांपैकी ८० ते ९० टक्के जणींना कमी-जास्त असतंच असं वाचलंय. एवढ्या जणींना असतं तर त्याला आजार म्हणायचं तरी कसं? कोणी बोलत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं की फक्त मलाच आहे.

केतकी_स्किन:
मी स्किनची प्रॅक्टिस करते, हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॉक्सिन्सचं आधी डोक्यातून काढून टाक. शरीरातलं नको ते बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, मांडीत काही साठून खळगे पडत नाहीत. पाणी कमी प्यायल्यानेही हे होत नाही.

खरी गोष्ट स्किनच्या खाली आहे. वर स्किन, मग चरबीचा थर, त्याखाली स्नायू. हा चरबीचा थर सलग नसतो, छोट्या छोट्या कप्प्यांत विभागलेला असतो आणि त्या कप्प्यांच्या मधून कोलॅजेनचे, म्हणजे स्किनला बळकटी देणाऱ्या प्रोटीनचे, चिवट पट्टे जातात, ते वरच्या स्किनला खाली स्नायूंवरच्या आवरणाशी बांधून ठेवतात. कापसाची गादी डोळ्यासमोर आण, टाका घातलाय तिथे खड्डा आणि दोन टाक्यांच्या मध्ये कापूस फुगलेला. इथेही पट्टा स्किनला खाली ओढून धरतो आणि आजूबाजूची चरबी वर दबते, म्हणून तो खळगा. चरबी किती आहे यापेक्षा हे पट्टे कसे आहेत, किती ताणलेले आहेत आणि वरची स्किन किती जाड आहे यावर सगळं अवलंबून असतं. बारीक बायकांना दिसतं आणि एखाद्या वजनदार बाईला अजिबात दिसत नाही, ते याचमुळे.

आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त, म्हणजे तुझ्या हातात नसलेला भाग यात बराच मोठा आहे हे लक्षात घे आणि स्वतःला दोष देणं बंद कर.

गारवा:
डॉक्टर, मग पुरुषांना का होत नाही? चरबी तर आम्हालाही सुटते, पोट बघा की. बायको बाळंतपणानंतर यावरून फार मनाला लावून घेते आणि मला तिला काय सांगावं समजत नाही म्हणून विचारतोय.

केतकी_स्किन:
चांगला प्रश्न. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्यूलर या संशोधकांनी स्त्री-पुरुषांच्या मांडीवरच्या स्किनची तुलना केली होती. बायकांमध्ये हे पट्टे बरेचसे सरळ उभे असतात त्यामुळे मधली चरबी सहज वर येते, पुरुषांमध्ये तिरके, एकमेकांना छेदणारे असतात आणि स्किनही जाड असते, त्यामुळे चरबी वाढली तरी ती आतच धरली जाते. नंतर एमआरआय करून बघितलं तेव्हा चित्र इतकं सरळसोट नाही हे कळलं, पण सेल्युलाइट असलेल्या बायकांमध्ये उभ्या पट्ट्यांचं प्रमाण जास्त, हे त्यातही दिसलं.

दुसरं म्हणजे हॉर्मोन्स. पाळी सुरू व्हायच्या वयाआधी सेल्युलाइट सहसा दिसत नाही, वयात येताना इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनमुळे मांड्या-हिप्सवर चरबी धरायला लागते आणि तिथून सुरुवात होते. प्रेग्नन्सीमध्येही वाढू शकतं. ज्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन खूप कमी असतं किंवा ज्यांना काही आजारासाठी इस्ट्रोजेन दिलेलं असतं त्यांना होऊ शकतं, यावरून हॉर्मोन्सचा हात आहे हे पटतं. तुमच्या मिसेसना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही, आणि हे तुम्ही स्वतः सांगा, त्याने फरक पडतो.

अबोली_:
ताई किती छान समजावलंत, थँक्यू. पण मग आत्ताच का दिसायला लागलं? आणि वजन अजून कमी केलं तर जाईल का?

केतकी_स्किन:
एका रात्रीत येत नाही गं, आधीपासून असतं, फक्त दिसत नसतं. आम्ही तपासताना असं बघतो की उभं असताना काहीच नाही पण स्किन चिमटीत धरली की खळगे दिसतात, ही पहिली पायरी. उभं राहिल्यावर दिसतात पण आडवं झालं की जातात, ही दुसरी. आडवं झालं तरी राहतात ती तिसरी. बहुतेक जणी दुसरीवर आल्या की आमच्याकडे येतात. वयाबरोबर कोलॅजेन कमी होतं, स्किन पातळ आणि सैल होते, पट्टे मात्र घट्ट होत जातात, म्हणून मेनोपॉजच्या आसपास जास्त उठून दिसतं. पण प्रत्येकीचं शेवटच्या पायरीपर्यंत जातंच असं नाही.

वजनाचं म्हणशील तर जास्त असेल तर कमी केल्याने बऱ्याच जणींना फरक दिसतो, पण तुझं नॉर्मल आहे, उगाच भराभर उतरवलंस तर स्किन सैल पडून उलट जास्त दिसेल. मांड्यांचा, हिप्सचा वेट ट्रेनिंग चालू ठेव, खालचा स्नायू भरला की वरून जरा सपाट दिसतं, पट्टे मात्र व्यायामाने सुटत नाहीत.

पाऊलवाट:
आणि ती कॅफिनवाली क्रीम्स, मसाज?

केतकी_स्किन:
कॅफिनने आणि मसाजने फरक वाटतो तो तात्पुरता, काही तासांचा-दिवसांचा. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) बरेच महिने लावलं तर स्किन थोडी जाड होऊन किंचित फायदा होतो, प्रेग्नन्सीत ते लावायचं नाही. पट्टा सुईने आतून कापायची प्रोसिजर आहे, सबसिजन, ती खोल सुट्या खळग्यांसाठी त्यातल्या त्यात चांगली. पट्टे विरघळवणारं एक इंजेक्शन अमेरिकेत २०२० ला मंजूर झालं होतं, पण काळेनिळे पडणं आणि टिकून राहणारे डाग यामुळे कंपनीने २०२२ च्या शेवटी ते बंदच केलं. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, यासाठी करू नये, खळगे वाढू शकतात.

निशिगंध७:
मध्येच विचारते, माझ्या मांड्या दुखतात, नुसतं टेकलं तरी निळं होतं, आणि पावलं मात्र बारीक आहेत. हेही सेल्युलाइटच का?

केतकी_स्किन:
निशिगंध, सेल्युलाइट दुखत नाही. दोन्ही पाय सारखे जाड, दुखरे, पटकन काळेनिळे होणारे आणि घोट्याखाली नॉर्मल असतील तर लिपिडिमा असू शकतो, तो वेगळा आजार आहे आणि डाएट करूनही ती चरबी फारशी हलत नाही. यात उशीर करू नकोस, डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखव, कमरेपासून पावलांपर्यंत पाय तपासायला सांग, आणि दुखणं कधी सुरू झालं, घरात अजून कोणाला आहे का हे लिहून ने. आणि कधी एकाच पायाला लालसर, गरम सूज आली, ताप आला तर ते इन्फेक्शन असू शकतं, त्याला त्याच दिवशी दवाखाना.

निशिगंध७:
आईचेही पाय असेच आहेत. उद्याच अपॉइंटमेंट घेते, तिलाही बरोबर नेते.