‘पॉइंट ऑफ इम्पॅक्ट’ : बंदुकीचा एवढा तपशील हा कादंबरीचा गुण की दोष?

वाचनखूण (प्रश्न) :

स्टीफन हंटर यांची १९९३ साली प्रसिद्ध झालेली ‘पॉइंट ऑफ इम्पॅक्ट’ ही कादंबरी मी गेल्या पंधरवड्यात वाचून संपवली. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. चर्चेत शेवट उघड होणार असल्यामुळे ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी कृपया इथेच थांबावे.

कथानक थोडक्यात असे. बॉब ली स्वॅगर हा अमेरिकी मरीन दलातला निवृत्त स्नायपर, म्हणजे लपून दूरवरून नेम साधणारा सैनिक. व्हिएतनाममध्ये त्याच्या नावावर ८७ बळी नोंदवलेले आहेत. जोडीदार डॉनी फेन तिथेच मारला गेल्यावर तो आर्कान्सॉमध्ये माईक नावाच्या कुत्र्यासोबत एकटा राहतो. डॉनीला मारणाऱ्या रशियन स्नायपरचे आमिष दाखवून एक गुप्त संघटना त्याला गळाला लावते आणि न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या एका आर्चबिशपच्या हत्येचा आळ त्याच्यावर येतो.

मला सर्वांत भावले ते सुरुवातीचे प्रकरण. नोव्हेंबरच्या थंडीत बॉब डोंगरात दबा धरून बसतो आणि मोठ्या शिंगांच्या एका देखण्या हरणावर नेम धरतो. पण रायफलीत त्याने भरलेली असते प्लॅस्टिकची गोळी. कण्याला हादरा बसून हरीण क्षणभर बधिर होऊन पडते. मग तो करवतीने त्याची शिंगे कापून टाकतो, म्हणजे शिंगांच्या लोभाने येणारे शिकारी पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाहीत. हरीण उठून निघून जाते. ज्याच्या हातात मरण आहे, त्यालाच कोणाला मारायचे नाही, हे इतक्या नेमकेपणाने सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

मात्र पुढे पानेच्या पाने काडतुसांचे वजन, नळीची घडण, दुर्बिणीच्या काचा यांवर खर्च होतात. माझ्या वाचक मंडळातल्या दोघांनी याच कारणाने पुस्तक अर्ध्यात सोडले. हा तपशील कादंबरीला तोलून धरतो की तिच्यावर ओझे होतो, याविषयी आपली मते वाचायला आवडतील.

प्रोन_५०मीटर :

मी गेली अकरा वर्षे ५० मीटर रायफल प्रोन (म्हणजे पालथे पडून) प्रकारात नेमबाजी करते, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती वाटेल, पण हा तपशील काढला तर बॉब स्वॅगर उरतच नाही, असे मला मनापासून वाटते.

आमच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि आमच्या रायफलीची .२२ ची (हे गोळीचे माप) गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. बाजूने आलेली साधी झुळूकही तिला त्या वर्तुळाबाहेर नेते. त्यामुळे मॅटवर पालथे पडल्यावर नजर आधी जाते ती रेंजवरच्या छोट्या झेंड्यांकडे. श्वास अर्धा सोडायचा, चापाचा पहिला दाब घ्यायचा, आणि झेंडा फडफडला की तो दाब निमूटपणे सोडून द्यायचा. सुटलेल्या नेमांपेक्षा न सोडलेले नेम जास्त असतात, हे प्रशिक्षकांनी पहिल्या वर्षी सांगितले होते आणि मला ते समजायला पाच वर्षे लागली. हंटर यांना हे पक्के ठाऊक आहे. हजार यार्डांवर .३०८ ची गोळी पोचायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो; तेवढ्या वेळात ती सुमारे दहा मीटर खाली येते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्याने दोन मीटरांहून अधिक सरकते. हे गणित डोक्यात सतत चालू असणारा माणूस बोलतो कमी, जेवतो मोजके आणि कोणावर पटकन विश्वास टाकत नाही. त्याचा स्वभाव आपल्याला या तपशिलातूनच कळतो.

आणि निक मेम्फिसचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तो एफबीआयचा माणूस. टल्सामध्ये एका ओलीसनाट्यात त्याची गोळी चुकते आणि ओलीस असलेल्या मायरालाच लागते. ती कायमची अपंग होते आणि पुढे तो तिच्याशीच लग्न करतो. एका चुकलेल्या गोळीसोबत संसार करणारा हा माणूस माझ्यासाठी बॉबइतकाच मोठा आहे. वाऱ्याचे आणि अंतराचे इतके बारकावे आधी वाचलेले नसते, तर ती चूक किती सहज घडू शकते हे सामान्य वाचकाला जाणवलेच नसते.

माजी_पायदळ :

मी पायदळात सव्वीस वर्षे होतो आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये स्नायपरचा कोर्स केला आहे. आमच्या हातात द्रागुनोव्ह ही रशियन बनावटीची स्नायपर रायफल होती, बॉबच्या बोल्ट-अॅक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायच्या) रायफलीपेक्षा वेगळ्या जातीची, पण पडून राहण्याची सवय सगळीकडे सारखीच असते. सहा-सहा तास एका कुशीवर पडून राहिल्यावर पहिल्यांदा कोपर बधिर होते, मग मान. आणि लघवीची भावना झाली तरी हलायचे नसते. ही गोष्ट लेखकाने कुठेही सुशोभित केलेली नाही, यासाठी मी त्याला मानतो.

ताईंनी वाऱ्याविषयी लिहिले आहे त्यात एक भर घालतो. जिथे झेंडे नसतात तिथे आम्ही दुर्बिणीतून मृगजळ पाहतो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरी सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही. त्या एका अंगाला झुकू लागल्या की त्या झुकण्यावरून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. हे काम मुख्यतः जोडीदाराचे असते. म्हणूनच डॉनीच्या मरणाने बॉब जो कोसळतो, ते मला अगदी खरे वाटले. लोकांना वाटते की स्नायपर एकटा असतो. खरे तर डोळे दोघांचे मिळून एक असतात, आणि त्यातला एक गेला की दुसऱ्याला दिसेनासे होते.

बॉबचे पात्र ज्यांच्यावरून सुचले त्या कार्लोस हॅथकॉक यांच्याविषयी इथे सांगायला हवे. तेही आर्कान्सॉचे, टोपीत पांढरे पीस खोवणारे, व्हिएतनाममध्ये ९३ नोंदलेले बळी. नोंद होण्यासाठी त्रयस्थ अधिकाऱ्याने पाहणे आवश्यक असे. पण १९६९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे चिलखती वाहन सुरुंगावर गेले, तेव्हा पेटलेल्या वाहनातून त्यांनी सात जणांना बाहेर काढले आणि स्वतः भयंकर भाजले. त्याबद्दलचे सिल्व्हर स्टार पदक त्यांना १९९६ साली मिळाले. १९९९ मध्ये ते वारले. ९३ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, सात हा आकडा फारसा कोणी सांगत नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे. कादंबरीत ८७ हा आकडा एखाद्या पदवीसारखा पुन्हा पुन्हा येतो. चक मॉव्हिनी हे दुसरे मरीन, १०३ नोंदलेले बळी. ते परत येऊन ओरेगॉनमध्ये वनखात्यात नोकरी करत राहिले आणि १९९१ साली एका सहकाऱ्याचे पुस्तक येईपर्यंत बाहेर कोणाला त्यांचे नावही माहीत नव्हते. आमच्या पलटणीतही आकडा कोणी विचारत नसे आणि कोणी सांगत नसे.

मृण्मयी_वाचते :

तपशिलाबद्दल वरच्या दोघांचे म्हणणे मला बहुतांशी पटते. माझी अडचण वेगळी आहे. लेखक जितका रायफलीपाशी थांबतो तितका मेलेल्या माणसांपाशी थांबत नाही.

कादंबरीतला आर्चबिशप एल साल्वाडोरचा आहे, आणि त्याच्या हत्येमागे तिथल्या एका सैनिकी पलटणीने केलेले गावकऱ्यांचे हत्याकांड दडवण्याचा हेतू आहे. हे हवेतून आलेले नाही. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी सान साल्वाडोरमध्ये प्रार्थना चालू असताना एका गोळीने मारले गेले. १९८१ च्या डिसेंबरमध्ये एल मोसोते या गावात अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या अत्लाकात्ल पलटणीने शेकडो गावकऱ्यांना ठार केले, आणि त्यात लहान मुले फार मोठ्या संख्येने होती. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाचा अहवालही आला. एवढा मोठा विषय हाती असताना त्या गावकऱ्यांपैकी एकाचाही चेहरा माझ्या लक्षात राहिलेला नाही. हल्लेखोराच्या रायफलीचे वर्णन मात्र मला आजही आठवते. माईक या कुत्र्याच्या मृत्यूवर मी रडले, हे प्रामाणिकपणे सांगते, पण नंतर त्याचाच मला त्रास झाला.

शेवटचा न्यायालयीन प्रसंगही मला खटकला. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करून गोळी उडवणारी रायफलीतली सुई) बॉबने आधीच निकामी केलेली असल्यामुळे ज्या रायफलीवर सगळा खटला उभा आहे ती गोळी झाडूच शकत नाही, ही कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. परंतु मग मधली शेकडो पाने त्याने जिवावर उदार होऊन पळत का राहावे, याचे उत्तर मला पुरेसे वाटले नाही.

प्रोन_५०मीटर :

मृण्मयीताई, पिनविषयीची शंका रास्त आहे, पण माझा समज असा की पहिल्याच दिवशी तो रायफल दाखवायला गेला असता तर न्यायालयापर्यंत जिवंत पोचलाच नसता. गावकऱ्यांच्या चेहऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते खरे आहे.

वाचनखूण :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी पुस्तकातले दोन भाग मुद्दाम पुन्हा वाचले : हरणाचे प्रकरण, आणि शेवटाकडची डोंगरातली चकमक, जिथे बॉब आणि निक दोघेच एका अख्ख्या तुकडीला थोपवतात. अंतर, वारा, श्वास, चाप हा तपशील दोन्हीकडे तितकाच आहे. फरक गोळी सुटल्यानंतर आहे. पहिल्या प्रकरणात बॉब त्या पडलेल्या जनावराजवळ चालत जातो, त्याला जवळून पाहतो, त्याला हात लावतो. चकमकीत पडलेल्यांजवळ कोणी जात नाही. लगेच पुढचे काडतूस नळीत सरकते.

सुभेदार साहेब (हुद्द्याचा माझा अंदाज चुकला असल्यास क्षमस्व), मंडळातल्या ज्या दोघांनी पुस्तक अर्ध्यात सोडले, त्यांना मी आज आपला मृगजळाचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यातल्या एकाने पुस्तक परत मागून घेतले आहे.