'बोगस डॉक्टर' नको, मग काय?

कोरा कागद: एका लेखाचं भाषांतर करतोय, विषय सोळाव्या-सतराव्या शतकातलं लंडन. १५१८ मध्ये आठव्या हेन्रीने फिजिशियन लोकांना कॉलेज काढून दिलं, मग लंडन आणि भोवतालच्या सात मैलांत त्यांच्या परवान्याशिवाय कुणी डॉक्टरकी केली की महिन्याला ५ पौंड दंड. अशांना ते 'एम्पिरिक' म्हणायचे. मी 'बोगस डॉक्टर' लिहिलं तर बायको म्हणाली पेपरातली बातमी वाटतेय, आता धाड पडून सलाईनच्या बाटल्या जप्त होणार. दुसरं काय लिहू?

दगडफूल: भोंदू वैद्य. झालं.

तिरकी रेघ: भोंदूला आपण फसवतोय हे माहीत असतं हो. इथे मनापासून काढे देणाऱ्या बायाही होत्या. मार्गारेट केनिक्ससाठी तर १५८१ मध्ये राणी एलिझाबेथच्या वतीने तिचा मंत्री वॉल्सिंगहॅम याने कॉलेजला पत्र धाडलं की झाडपाल्याचं औषध देते, देऊ द्या तिला. कॉलेजने राणीलाही जुमानलं नाही!

दगडफूल: मग वैदू.

आडवाट: वैदू नको प्लीज. ती जमात आहे, हिणवायला वापरायचा शब्द नाही.

दगडफूल: आमच्या आजोळी सगळे म्हणायचे, कुणाला राग नाही यायचा.

आडवाट: यायचा, तुमच्यापर्यंत पोचायचा नाही एवढंच.

पाणपोई: तोतया चालेल का?

तिरकी रेघ: तोतया दुसऱ्याचं सोंग घेतो, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा उभा राहिला तसा. इथे थॉमस बोनमचं काय कराल? केंब्रिजचा पक्का एमडी, पण लंडनच्या कॉलेजचा परवाना नाही म्हणून १६०६ मध्ये ५ पौंड दंड, तरी प्रॅक्टिस चालूच म्हणून पुढे १० पौंड आणि वर तुरुंग. पठ्ठ्याने उलट कॉलेजवरच केस टाकली. १६१० मध्ये न्यायाधीश कोक म्हणाले, दंडातला अर्धा वाटा कॉलेजच्या खिशात आणि निवाडा करणारेही तुम्हीच, हे कसं चालेल? याला बोगस म्हणणार का तोतया?

कोरा कागद: हो ना, माझ्या लेखात बोनम आहेच, तिथेच गाडी अडलीये. 'बिनसनदी' कसं वाटतं? वकिलीची सनद म्हणतोच की आपण.

शुद्धोदक: सनद अरबी, परवाना फारसी. अनुज्ञप्ती लिहा, अनुज्ञप्तीविहीन वैद्यक.

पाणपोई: शिकाऊ अनुज्ञप्ती काढायला आरटीओत गेलो होतो तेव्हा बाहेरच्या एजंटलाच विचारावं लागलं हे कशाला म्हणतात 😂

दगडफूल: इंग्रजीत अशांना 'क्वॅक' म्हणतात. क्वॅक म्हणजे बदकाचा आवाज, उगाच कलकल करणारा, त्यावरून 'बडबड्या वैद्य' करता येईल.

तिरकी रेघ: थेट बदकावरून नाही हो, डच 'क्वाकसाल्व्हर'वरून आलाय, बडबड करत मलम विकणारा. आणि माउंटबँक इटालियन, बाकावर चढून औषध विकणारा. आपल्याकडे त्याला जवळचा कुडमुड्या, कारण तोही कुडमुडं वाजवत यायचा.

आडवाट: कुडमुडे जोशी पण जमातच आहे. आणि तो ज्योतिष सांगतो, औषध नाही देत.

कोरा कागद: बरं आणखी एक, या लोकांना पकडून तपासणी घेणारे जे चार जण कॉलेज निवडायचं त्यांना 'सेन्सॉर' म्हणायचे. तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला सिनेमातलं चुंबन आठवणार.

शुद्धोदक: परिनिरीक्षक. नाटकाच्या मंडळाच्या नावात आहे तो शब्द.

पाणपोई: म्हणजे औषध देण्याआधी दोन प्रवेश गाळा.

माळवद: उशिरा आले. तुम्ही सगळे १५४२-४३ चा कायदा विसरताय. सर्जन लोक साध्यासुध्या माणसांना कोर्टात खेचायला लागले म्हणून पार्लमेंटनेच मुभा दिली की झाडपाल्याची माहिती असलेल्याने गळू, सूज, जखम वगैरे बरी करायला हरकत नाही. म्हणजे परवाना नाही पण गुन्हाही नाही. याला आपल्याकडे हाडवैद्य हा चपखल शब्द आहे की. माझा हात मोडला तेव्हा गावच्या हाडवैद्याने अंड्याचा बलक काढून नुसता पांढरा भाग फडक्याला चोपडला, वरून कामट्या बांधल्या, पैसे विचारले तर म्हणाला नारळ ठेव. हात सरळ आहे अजून.

दगडफूल: माझ्या मावसभावाचा वाकडाच राहिला.

शुद्धोदक: कामट्या नव्हे, कांबट्या. कांब वरून.

माळवद: आमच्याकडे कामट्याच म्हणतात.

पाणपोई: आमच्याकडे पण कामट्या. पतंगाच्या त्या कामट्या. कांबट्या कुठे म्हणतात?