मदत हवी आहे: लेकराची उंची थांबली आहे, कुठली तपासणी करून घेऊ?

शेवंती
नमस्कार मंडळी. लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल, दोन रात्री धड झोप नाही. आमच्या धाकट्या पिल्लाची उंची वाढायची थांबल्यासारखी वाटते आहे. वर्गाच्या फोटोत यंदाही पहिल्या रांगेत, अगदी कडेला. खाणंपिणं ठीक आहे, मोठं आजारपण नाही, वजन तर छान वाढतंय. डॉक्टर म्हणाले, "आणखी सहा महिने बघू." मला सहा महिने बघत बसायचं नाही. ग्रोथ हार्मोनची रक्ततपासणी आपण परस्पर लॅबमध्ये जाऊन करून घेऊ शकतो का? कमी आलं तर इंजेक्शनं किती वर्षं द्यावी लागतात? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

रानवाट
वय किती? मुलगा की मुलगी? आत्ताची उंची किती आणि वर्षापूर्वी किती होती? एवढं कळल्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

सुतारपक्षी
ताई, काळजी करू नका. माझा मुलगा चौदाव्या वर्षी दांड्याला लटकायला लागला, रोज वीस मिनिटं. वर्षभरात ९ सेंमी वाढला. जोडीला दोरीवरच्या उड्या. औषधाच्या मागे लागण्याआधी हे करून पाहा.

चष्मेवाली
सुतारपक्षी, चौदाव्या वर्षी मुलगा वयात येत असतो, त्या वर्षी तो नुसता बसून राहिला असता तरी ८-९ सेंमी वाढला असता. लटकल्याने पाठीचा कणा थोडा वेळ ताणला जातो, हाडं लांब होत नाहीत. हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा (मऊ, लवचीक थर) असते आणि वाढ तिथेच होते. व्यायाम जरूर करावा, पण उंचीचं श्रेय त्याला देऊ नका.

शेवंती
मुलगी आहे, लिहिलं नव्हतं का? ९ पूर्ण झाली. उंची १२० च्या आसपास असेल. दाराच्या चौकटीवर खुणा आहेत, त्या मोजून सांगते. पण माझा प्रश्न तपासणीचा होता.

रानवाट
तपासणी कुठली ते मापांवरूनच ठरतं, म्हणून विचारतेय. आणि "आसपास" चालणार नाही, नीट मोजा. बूटमोजे काढायचे, केसांचा बुचडा सोडायचा. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर काटकोनी पुठ्ठा किंवा जाड पुस्तक भिंतीला सपाट लावून खूण करायची. तीनदा मोजून सरासरी घ्या. दर वेळी शक्यतो सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस जवळपास एक सेंटीमीटरने कमी भरतो. लसीकरणाच्या पुस्तकात किंवा जुन्या वैद्यकीय कागदांवर तारखेसह उंची-वजन असेल तर तेही द्या. शिवाय तुमची दोघांची उंची.

कोरा कागद
आई-वडील बुटके तर मूल बुटकं, यात आजार कसला? साधं गणित आहे. दोघांची उंची मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, आणि दोनाने भागा. येईल त्याच्या ८-९ सेंमी अलीकडे-पलीकडे मूल पोचतं. उगाच सुया टोचत बसू नका.

निरांजन
आमच्याकडे दहा महिन्यांचं बाळ पालथं पडायला उशीर करतंय, तेही वाढीतच येतं का? सॉरी, मध्येच विचारलं. आणि शेवंतीताई, कॅल्शियमची पावडर चालू करा, माझ्या भाचीला फार उपयोग झाला.

रानवाट
निरांजन, दहा महिन्यांचं बाळ अजून पालथं पडत नसेल तर धाग्यावर विचारण्यात वेळ घालवू नका, या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो विकासाचा प्रश्न आहे, उंचीचा नाही, पण महत्त्वाचा आहे.

अबोली१२
सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी करा!! माझ्या मुलीची उंची त्यामुळेच अडली होती. पोट दुखणं, जुलाब, काहीच नव्हतं, फक्त उंची आणि कमी हिमोग्लोबिन. गहू बंद केला आणि दोन वर्षांत ती बहिणीच्या बरोबरीला आली. तुम्ही आजपासूनच गहू बंद करा, नुकसान तर काही नाही.

चष्मेवाली
अबोली, निदान अगदी बरोबर सुचवलंत, पण शेवटचं वाक्य मागे घ्या. गहू आधीच बंद केला तर रक्तातल्या अँटिबॉडीज उतरतात आणि तपासणी खोटी नॉर्मल येते. टीटीजी-आयजीए (सीलिॲकच्या अँटिबॉडीची तपासणी) आणि त्याच्याबरोबर एकूण आयजीए, दोन्ही तपासण्या गहू खाणं चालू असतानाच करायच्या. आहारात बदल नंतर.

शेवंती, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: लॅबमध्ये जाऊन एकदाच ग्रोथ हार्मोन मोजण्यात काही अर्थ नाही. हा हार्मोन झटक्याझटक्याने स्रवतो, मुख्यतः गाढ झोपेत. दिवसा तो निरोगी मुलातही जवळजवळ शून्य येऊ शकतो. म्हणून आधी रक्तातलं आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे तयार होणारं, दिवसभर बरंचसं स्थिर राहणारं द्रव्य) बघतात आणि गरज वाटली तरच रुग्णालयात, औषध देऊन ठरावीक वेळांनी नमुने घेण्याची उद्दीपन चाचणी करतात. इंजेक्शनं फार पुढची गोष्ट. त्याआधी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे, त्यावरून हाडांचं वय कळतं.

उत्तररात्र
मी २२ वर्षांचा आहे, उंची १६३. काही करता येईल का?

चष्मेवाली
वाढीच्या कूर्चा एकदा बंद झाल्या की कुठल्याही गोळीने, पावडरीने किंवा इंजेक्शनाने उंची वाढत नाही, आणि २२ व्या वर्षी त्या बहुतेक सगळ्यांच्या बंद झालेल्या असतात. खात्री हवी तर एक एक्स-रे काढा. जाहिरातींच्या मागे लागू नका.

शेवंती
मोजलं. तीनदा मोजलं, ११८.५ आलं. जुने कागदही सापडले. ५ व्या वर्षी १०४, ६ व्या वर्षी १०९.५, ७ व्या वर्षी ११५, ८ व्या वर्षी ११७. वजन ७ व्या वर्षी २०.५ किलो होतं, आता २७ आहे. माझी उंची १५८, ह्यांची १७०. निरांजनताई, खाण्यात काही कमी नाही हो, वजनावरूनच दिसतंय. उलट कपडे लांबीला दोन वर्षं पुरताहेत, बूटही तेच होतात. आता तरी सांगा कुठली तपासणी.

कोरा कागद
गणित केलं तर १५७.५ येतं, म्हणजे पुढे ठीक होईल. माझा मोठा मुलगा असाच होता, सगळे मित्र वाढले तरी हा लहानच. सोळाव्या वर्षी एकदम सुटला. मीही तसाच होतो. याला उशिरा वाढ म्हणतात, आजार नाही. वाट बघा.

रानवाट
नाही. इथे वाट बघू नका. ताई, तुम्ही बूट आणि कपड्यांचं जाताजाता लिहिलंत, खरी गोष्ट तीच आहे.

चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल साधारण ५ ते ६ सेंमी दरवर्षी वाढतं. तुमची मुलगी सातव्या वर्षापर्यंत तशीच वाढत होती. नंतर एका वर्षात २ आणि पुढच्यात १.५. कोरा कागद, तुमचा मुलगा उशिरा वाढला हे खरंच असणार, पण अशी मुलं खालच्या का होईना, आपल्या रेषेला धरून चालतात. ही मुलगी रेषाच सोडून खाली आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सातव्या वर्षी ती साधारण पंधराव्या शतमानावर होती (शंभर मुलींत पंधराजणी तिच्याहून बुटक्या), आता तिसऱ्या शतमानाच्याही खाली आहे. एकदा मोजलेली उंची फार काही सांगत नाही, वेग सांगतो.

दुसरं, वजन. पोटाला कमी पडत असेल किंवा आतड्याचा आजार असेल तर बहुधा आधी वजन उतरतं, मग उंची अडते. तुमच्याकडे उंची अडली आणि वजन चालूच आहे. तसं दिसलं की ग्रंथींकडे बघतात: थायरॉइड, ग्रोथ हार्मोन, स्टेरॉइड. आता सांगा: शौचाला त्रास होतो का? थंडी जास्त वाजते का? त्वचा कोरडी, चेहरा सुजरा, दिवसा मरगळ? दम्यासाठी वगैरे स्टेरॉइड चालू आहे का? सकाळी डोकं दुखून उलटी होते का, नजर कमी झाली आहे का? घरात कुणाला थायरॉइड?

शेवंती
स्टेरॉइड नाही, डोकेदुखी नाही, चष्मा नाही. शौचाला तीन-चार दिवसांनी जाते, त्यासाठी औषध देतो आम्ही. थंडी वाजते. पंखा लावू देत नाही. पूर्वी घर डोक्यावर घ्यायची, आता शाळेतून आली की आडवी होते. मला वाटलं मोठी झाली, शांत झाली. माझी आई आणि धाकटी मावशी, दोघी थायरॉइडची गोळी घेतात. अभ्यासात मात्र अजिबात मागे नाही, म्हणून थायरॉइडचं डोक्यातच आलं नाही.

चष्मेवाली
या वयात थायरॉइड मंदावला तरी अभ्यास बरेचदा नीटच चालतो, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा पिट्युटरीचा हार्मोन, थायरॉइड मंदावला की तो वाढतो) आणि फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) दोन्ही करा. नुसतं टीएसएच करू नका, बिघाड मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असेल तर ते नॉर्मल दिसू शकतं. जोडीला हिमोग्राम, किडनीच्या तपासण्या, सीलिॲकची तपासणी (अबोलींचा मुद्दा रास्तच आहे) आणि हाताचा एक्स-रे. थायरॉइड नीट निघाला तर मुलगी असल्यामुळे गुणसूत्रांची तपासणीही विचारा. टर्नर सिंड्रोममध्ये (मुलीत एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं) कधीकधी कमी उंची हीच एकटी खूण असते. हे सगळं मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (ग्रंथी आणि हार्मोनच्या तज्ज्ञाकडून) करून घ्या. पाचव्या वर्षापासूनची मापं एका कागदावर लिहून समोर ठेवा, "बुटकी वाटते" असं सांगू नका.

कोरा कागद
वेगाचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. माझ्या मुलाच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या, तो दरवर्षी ५ सेंमी वाढतच होता. ताई, तुम्ही दाखवून या.

शेवंती
अकरा दिवसांनी लिहिते आहे. टीएसएच १०० च्या वर, टी-४ खूप कमी. अँटिबॉडीजही वाढलेल्या आहेत, म्हणजे शरीरच थायरॉइडवर हल्ला करतंय असं सांगितलं. सीलिॲक नाही. हाडांचं वय साडेसहा. डॉक्टर म्हणाल्या की हाडं मागे आहेत ही सध्या चांगली बाजू आहे, वाढीला वेळ शिल्लक आहे. गोळी सुरू झाली.
मी दोन वर्षं ते बूट बघत होते आणि टिकाऊ आहेत म्हणून खूश होत होते. आता एकच विचारते, बुद्धीवर काही परिणाम राहील का? तिथे विचारायला धीर झाला नाही.

रानवाट
नाही राहणार. जन्मजात थायरॉइडची कमतरता उपचारांविना राहिली तर मेंदूला कायमचा धोका असतो, कारण तो पहिल्या दोन-तीन वर्षांत घडत असतो. म्हणून तर नवजात बाळांची चाचणी करतात. सातव्या वर्षानंतर बिघडलेल्या थायरॉइडने तसं होत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याआधी किमान अर्धा तास. दुधाबरोबर नको. लोह किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर त्यात चार तासांचं अंतर ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, ते चुकवू नका. सुरुवातीला ती एकदम चंचल वाटली तर घाबरू नका. आणि त्या बुटांचं मनाला लावून घेऊ नका, मापं तुम्हीच शोधून काढलीत.

सुतारपक्षी
खूप बरं वाटलं वाचून. गोळी चालू ठेवा, आणि अंगात उत्साह आला की दोरीवरच्या उड्याही मारू द्या, उंचीसाठी नाही, तिला आवडेल म्हणून.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी चौकटीवर तारखेसह खूण केली. पुढची तीन महिन्यांनी. तेव्हा इथेच लिहीन.

अबोली१२
हे वाचून धाकट्याचे बूट काढून बघितले. त्यालाही गेल्या वर्षीचेच होताहेत. काय करू?

रानवाट
वेगळा धागा काढा. वय, मुलगा की मुलगी, आणि जुनी मापं पहिल्याच ओळीत लिहा.